बेटांच्या मुलखातील सहली

दिवाळीची सुट्टी संपली की लातूर-नांदेडच्या शाळांतून सहलींची तयारी सुरू होते. वर्गणी ठरते, पालकांची संमतिपत्रे गोळा होतात, एस.टी.ची गाडी आरक्षित केली जाते आणि एखाद्या पहाटे ती गाडी बहुधा पश्चिमेकडे तोंड करून निघते. प्रतापगड, महाबळेश्वर, रायगड, कोकणचा किनारा ही नावे या वेळापत्रकांत वर्षानुवर्षे कायम आहेत. त्यात गैर असे काही नाही. सह्याद्रीचे कडे आणि समुद्र पाहण्याचा हक्क मराठवाड्यातील मुलालाही आहेच. परंतु अशा सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या तालुक्यातील डोंगर कोणता, असे विचारले तर तो बहुधा गोंधळतो. डोंगर, धबधबे आणि सृष्टिसौंदर्य तिकडे. दुष्काळ, ऊन आणि काळी माती इकडे, अशी एक विभागणी त्याच्या मनात नकळत होऊन गेलेली असते.

ही विभागणी भूगोलाला धरून नाही. महाबळेश्वरचे कडे ज्या पाषाणाचे, त्याच पाषाणाचा बालाघाट आहे. ज्या अग्निप्रवाहांनी सह्याद्री रचला, त्यांनीच लातूरचे पठार अंथरले आणि माहूरचे डोंगर उभे केले. मात्र या पाषाणाची ओळख मराठवाड्यातील माणसाला आनंदाच्या प्रसंगी क्वचितच होते. ती होते ती विहीर आटल्यावर किंवा जमीन हादरल्यावर. आपल्या भूमीची ओळख केवळ संकटातून व्हावी, ही अवस्था पालटण्याचा एक साधा आणि अल्पखर्चाचा मार्ग आहे. तो म्हणजे या डोंगरांवर पायी जाणे.

पायऱ्यांचा प्रदेश

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा, शिखरातून धूर ओकणारा पर्वत डोळ्यांपुढे येतो. दख्खनमध्ये शिलारस मुख्यतः भेगांतून पसरला. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे अशाच भेगेतून उद्रेक झाला होता. तो काही महिन्यांत थांबला. दख्खनचे उद्रेक मात्र लक्षावधी वर्षांच्या काळात पुनःपुन्हा होत राहिले. एक थर थिजावा, त्यावर वाऱ्यापावसाचा परिणाम व्हावा आणि मग दुसरा थर यावा, असा तो क्रम होता. घाटरस्त्याच्या कापीव बाजूला काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. तो या दोन उद्रेकांमधील विश्रांतीचा पुरावा होय.

या थरांची झीज सारखी झाली नाही. घट्ट थर टिकले, मऊ थर खचले आणि डोंगरउतारांना पायऱ्यांचे रूप आले. स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ हे शास्त्रीय नाव पडले. आज या पाषाणाने भारताचा सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश आणि महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग व्यापला आहे. हा थर सर्वत्र सारख्या जाडीचा नाही. सह्याद्रीत त्याची जाडी हजार मीटरांहून अधिक भरते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात हा पाषाण संपतो. म्हणजे लातूर आणि नांदेड हे जिल्हे या विशाल अग्निप्रदेशाच्या पूर्व सीमेवर वसलेले आहेत. सीमेवरून जे दिसते ते मध्यभागातून दिसत नाही. हे या प्रदेशाचे खास वैशिष्ट्य आहे, आणि त्याचा उल्लेख प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाही.

संकटातून झालेली ओळख

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे ढिगारा झाली आणि हजारो माणसे त्याखाली गेली. ज्या काळ्या दगडांच्या आणि मातीच्या जाड भिंतींनी उन्हाळ्यात गारवा दिला होता, त्यांनीच झोपलेल्यांचा जीव घेतला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ भूगर्भात खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी प्राचीन असा पायाचा खडक लागला. मराठवाड्याच्या भूमीखाली काय आहे हे मोजून पाहण्यास एवढी मोठी आपत्ती निमित्त व्हावी लागली.

प्राचीन अग्निप्रवाहांमुळे हा भूकंप झाला, अशी सरळ जोडणी करणे मात्र चुकीचे ठरेल. ते उद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वीच शमले आहेत. भूकंपाची कारणे त्याखालच्या जुन्या खडकांतील ताणांत शोधावी लागतात. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात झालेल्या भूकंपांचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हाही हा भेद स्पष्ट करून सांगण्याची जबाबदारी शाळामास्तरांवरच येऊन पडली असणार.

दुसरी ओळख पाण्याची. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी सुमारे ५ लक्ष लिटर पाणी घेऊन पोहोचली. त्या गाडीची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली; लातूरचे नाव ज्याने कधी ऐकले नव्हते त्यानेही ते त्या छायाचित्राखाली वाचले. पावसाची तूट हे त्याचे कारण होतेच, परंतु पाषाणाचा स्वभाव हेही एक कारण होते. काळा घट्ट पाषाण पाणी साठवत नाही. विहीर खणणारे लोक मुरूम, मांजऱ्या दगड आणि काळा पाषाण हा क्रम पिढ्यान्पिढ्या ओळखतात. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. हा साठा उथळ असतो. तो दरवर्षी भरावा लागतो आणि भरण्यासाठी डोंगरमाथ्यावरचे पाणी थबकावे लागते. झाडोरा गेलेल्या, मुरमासाठी पोखरलेल्या डोंगरावर ते थबकत नाही. ही गोष्ट फळ्यावर लिहून जेवढी समजते, त्याहून अधिक एखाद्या डोंगराच्या माथ्यावर उभे राहिल्यावर समजते.

समुद्राविना बेटे

लातूर जिल्ह्यात एकट्या उभ्या असलेल्या सपाट माथ्याच्या डोंगराला लोक ‘बेट’ म्हणतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखात हा शब्द कसा रुजला असेल, याचा विचार करताना एक नवल वाटते. भूशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द विलक्षण अचूक आहे. एके काळी सलग असलेले पठार ओढ्यानाल्यांनी कापून नेले आणि त्याचे जे तुकडे मागे उरले तेच हे डोंगर. त्यांच्या माथ्यांच्या सपाटीवरून जुन्या पठाराची पातळी आजही ध्यानात येते. पावसाळ्यात भोवतीची शेते सोयाबीन-तुरीने हिरवी झाली की त्या हिरवाईतून वर आलेला डोंगर खरोखरच बेटासारखा दिसतो.

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट हे त्यांपैकी एक. त्याला संजीवनी बेट असेही म्हणतात. लक्ष्मणासाठी द्रोणागिरी नेत असताना मारुतीच्या हातून त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी लोककथा आहे. कथा बाजूस ठेवली तरी औषधी वनस्पतींची विपुलता ही वस्तुस्थिती आहे. पाऊस ओसरत असताना, भाद्रपदाच्या सुमारास, हा डोंगर चढावा. माथ्यावर मातीचा थर पातळ, त्याखाली दगड, आणि त्या पातळ मातीत काही आठवड्यांत उगवून, फुलून, बीज धरून मावळणाऱ्या वनस्पतींची गर्दी. साताऱ्याजवळच्या कास पठाराची कीर्ती याच प्रकारच्या उथळ मातीवरील फुलांमुळे जगभर झाली. वडवळच्या बेटाचा विस्तार लहान, आणि म्हणूनच धोका मोठा. औषध म्हणून मुळासकट उपटलेले रोप पुढच्या वर्षी दिसत नाही. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना येथे न्यावे, परंतु वही आणि पेन्सिल घेऊन. खुरपे घेऊन नव्हे.

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. तेथे कोरीव लेणी आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे आणि एक वेगळी स्मृतीही आहे. हैदराबाद संस्थानातील मुक्तिसंग्रामात या परिसरातील तरुणांनी रझाकारांशी झुंज देताना या बेटाचा आश्रय घेतला होता. माथ्यावर उभे राहिले की त्यांनी हीच जागा का निवडली ते कळते. चारही बाजूंचा मुलूख दृष्टीच्या टप्प्यात येतो. इतिहासाच्या पुस्तकातील एक परिच्छेद येथे भूगोलाशी जोडला जातो. जवळच उदगीरचा भुईकोट आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर विजय मिळवला तो याच परिसरात. पानिपताच्या आदल्या वर्षीची ती मोहीम होय.

औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणीही अशाच एका डोंगरात आहेत. ती सुमारे सहाव्या शतकातील मानली जातात. वेरूळची भव्यता येथे नाही, दगडही वेरूळसारखा घट्ट नाही. तो भरड असून शिल्पांची झीज झालेली आहे. तथापि ही झीजच शिकवते की कारागिराच्या हाताइतकाच दगडाचा वाटा कलाकृतीत असतो. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, घट्ट काळ्या पाषाणात कळसापासून पायापर्यंत कोरत नेले. ते राष्ट्रकूट स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लत्तलूर म्हणजेच लातूर असे अनेक अभ्यासक मानतात.

पाषाण संपतो तेथे

नांदेडहून दक्षिणेस कंधारकडे जाताना बालाघाटाच्या टेकड्या लागतात. कंधारचा भुईकोट खंदकाने वेढलेला आहे. राष्ट्रकूटकाळापासून नांदत्या असलेल्या या गावाजवळ जगत्तुंग सागर हा जुना जलाशय आहे. पाणी न धरणाऱ्या भूमीवर पाणी कसे धरावे, याचे उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते, हे या जलाशयाच्या काठी बसून विद्यार्थ्यांना सांगता येते. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर जे पाझर तलाव खणले गेले, त्यांची परंपरा अशी मागे नेता येते.

कंधारहून पुढे मुखेड ओलांडून देगलूरकडे निघाले की प्रवाशाच्या नकळत एक सीमा ओलांडली जाते. पायऱ्यापायऱ्यांचे सपाट माथे मागे पडतात आणि गोलाकार, एकमेकांवर रचून ठेवल्यासारख्या प्रचंड शिळा दिसू लागतात. रंगही बदलतो, काळ्याऐवजी करडा, गुलाबीसर. हा ग्रॅनाइट. अग्निप्रवाहांचे आच्छादन येथे संपते आणि दोनशे कोटी वर्षांहूनही जुना असा दख्खनचा मूळ पाया उघडा पडतो. किल्लारीला ३३८ मीटर खोल छिद्र घेऊन जो पाया गाठावा लागला, त्याच जातीचा प्राचीन खडक देगलूर-बिलोली भागात विद्यार्थ्याच्या हाताला लागतो. एक काळा खडा आणि एक करडा खडा शेजारी ठेवून शिक्षकाने दोहोंमधील काळाचे अंतर सांगितले, तर तो पाठ विसरला जाणे कठीण. देगलूरजवळच होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील सिद्धेश्वराचे सुंदर मंदिर आहे, तेव्हा ही सहल केवळ दगडांची राहत नाही.

पैनगंगेच्या काठी

नांदेड जिल्ह्याचे उत्तरेकडील टोक म्हणजे किनवट आणि माहूर. येथे मराठवाड्याविषयीच्या साऱ्या रूढ कल्पना गळून पडतात. सागाचे जंगल, मोहाची आणि पळसाची झाडे, गोंड, कोलाम आणि आंध यांची गावे आणि जिल्ह्याच्या कडेने वळणे घेत जाणारी पैनगंगा. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानक आहे. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या पाषाणाच्या पायरीवरून अनेक धारांनी खाली कोसळते, तो हा सहस्रकुंडाचा धबधबा. एक काठ नांदेडचा, दुसरा यवतमाळचा. लाव्हाचे थर म्हणजे पायऱ्या, हे विधान येथे डोळ्यांनी वाचता येते. वरच्या बाजूस इसापूरचे धरण असल्याने धबधब्याचे पूर्ण रूप पावसाळ्यातच दिसते. पाणी वाढण्यास वेळ लागत नाही आणि ओला पाषाण निसरडा असतो, म्हणून विद्यार्थ्यांना काठापासून दूर ठेवणे हा नियम येथे कसोशीने पाळावा लागेल.

किनवट तालुक्यातीलच उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. हे झरे जुन्या ज्वालामुखीची उरलेली धग आहेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नव्हे. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही असेच दीर्घकाळ ज्वालामुखीचे मुख समजले जाई. ते उल्केच्या आघाताने याच काळ्या पाषाणात निर्माण झाले, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध केले. शास्त्र चुका सुधारीत पुढे जाते, हे सांगण्यास याहून चांगली उदाहरणे कोठे मिळणार?

आणि माहूर. साडेतीन पीठांपैकी एक म्हणून रेणुकामातेच्या दर्शनास येथे लक्षावधी लोक येतात. दत्तशिखर, अनसूयेचे शिखर, किल्ला आणि पांडवलेणी ही सर्व स्थाने एकाच डोंगररांगेत आहेत. भाविक पायऱ्या चढतो, दर्शन घेतो आणि परततो. त्याने किल्ल्याच्या तटावर घटकाभर थांबून खाली पाहिले, तर रानाने झाकलेल्या डोंगरसोंडा आणि त्यांमधून गेलेले पैनगंगेचे खोरे दिसेल. श्रद्धेने ज्या डोंगराला देवत्व दिले, त्या डोंगराची झाडे आणि माती राखणे हाही त्या श्रद्धेचाच भाग आहे, असे म्हटल्यास कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही.

अडचणी आणि उपाय

या सूचनेवर आक्षेप येतील. या ठिकाणी निवासाची सोय अपुरी आहे, काही जागी रस्ते बरे नाहीत, स्वच्छतागृहे नाहीत, आणि मुलींच्या सहलीसाठी ही उणीव मोठी ठरते. हे आक्षेप खरे आहेत. परंतु वडवळ, हत्तीबेट, खरोसा ही लातूरकडील शाळांसाठी एका दिवसाची ठिकाणे आहेत. सकाळी निघून दिवेलागणीला परतता येते. कंधार-देगलूरची फेरीही नांदेडच्या शाळेला एका दिवसात जमू शकते. मुक्कामाचा प्रश्न खऱ्या अर्थाने माहूर-किनवटपुरता उरतो, आणि माहूर हे क्षेत्र असल्याने तेथे धर्मशाळा आहेत. खर्चाचा विचार केला तर शेतमजुराच्या ज्या मुलाला महाबळेश्वरची वर्गणी परवडत नाही आणि जो सहलीच्या दिवशी घरी बसतो, त्याला हत्तीबेटाची सहल परवडू शकते. हा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांहून वजनदार आहे.

दुसरा आक्षेप असा की ही स्थळे तितकी भव्य नाहीत. तेही मान्य करावे. वडवळचे बेट म्हणजे महाबळेश्वर नव्हे. परंतु महाबळेश्वरचा डोंगर राखणे लातूरच्या विद्यार्थ्याच्या हातात नाही. वडवळचा डोंगर मात्र उद्या त्याच्याच हातात येणार आहे. तोच पुढे ग्रामपंचायतीत बसेल, तलाठी होईल, शिक्षक होईल, मुरमाच्या परवान्याच्या कागदावर सही करील किंवा ती नाकारील. ज्या माथ्यावर त्याने लहानपणी शिदोरी सोडली, तो माथा पोखरण्यास त्याचा हात सहजासहजी धजावणार नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले, आणि तेथे भूशास्त्राचे अध्यापन होते. विद्यापीठाने प्रत्येक स्थळाची चार पानी सोपी पुस्तिका मराठीत काढून शाळांना दिली, तर शिक्षकांची मोठी अडचण दूर होईल. त्यासाठी कोणत्याही मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

काळही अनुकूल आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला येतो. त्या दिवशी शाळाशाळांतून ध्वजवंदन होते, भाषणे होतात आणि दुपारपर्यंत कार्यक्रम संपतो. हेच दिवस बालाघाट सर्वांत हिरवा असण्याचे, बेटांच्या माथ्यांवर फुले असण्याचे आणि ओढ्यांना पाणी असण्याचे. त्या आठवड्यात प्रत्येक शाळेने आपल्या तालुक्यातील एक डोंगर चढावा. १९४८ मध्ये जी भूमी मुक्त झाली ती नकाशातील नव्हे, पायाखालची होती. तिची ओळख भूकंपाने किंवा पाण्याच्या आगगाडीने करून देण्यापूर्वी शिक्षकाने करून द्यावी, एवढेच अपेक्षित आहे.